पेटंटवरचं चौथं नाव : बेदाण्याच्या डिपिंगचं एक प्रकरण

हे प्रकरण एका राज्य विद्यापीठातलं आहे. विद्यापीठ, कंपनी आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. मी तेव्हा विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षाचा समन्वयक होतो. कक्ष म्हणजे एक खोली, एक कपाट आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा लिपिक.

पार्श्वभूमी

तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यात बेदाणा कसा होतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो आणि तो पाण्याला बाहेर येऊ देत नाही. म्हणून घड जाळीच्या क्रेटमध्ये घालून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, मग शेडमधल्या रॅकवर पसरतात. साधारण दोन आठवड्यांत माल वाळतो. या दोन आठवड्यांत अवकाळी पाऊस आला की बेदाणा काळा पडतो आणि सौद्यात दर पडतो. वाळण्याचे दिवस कमी करणं याला तिथे रोख किंमत आहे.

आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या एका प्राध्यापकांना २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या निधीतून तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला. त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने द्राक्षाच्याच सालीवरून एक यीस्ट वेगळं केलं. ते यीस्ट साबणासारखं द्रव्य तयार करतं, शास्त्रीय भाषेत जैव-पृष्ठसक्रियक. हे द्रव्य तेलात मिसळून डिपिंग केलं तर मेणाचा थर लवकर सैल होतो, असं प्रयोगशाळेत दिसलं. रसायनशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्यांनी तेलाचं प्रमाण बसवून दिलं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये एका विद्वत्सभेच्या राष्ट्रीय परिषदेत विद्यार्थिनीने पोस्टर लावलं. सारांशाच्या पुस्तिकेत द्रव्याचं नाव आणि टक्केवारी छापून आली. मार्चमध्ये एका शेडमालकाकडे चाचण्या झाल्या. त्यांना सगळे आण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. एप्रिलमध्ये आण्णांच्या पुतण्याने मोबाईलवर चित्रण केलं आणि ‘नवीन औषध, चार दिवस लवकर’ असं लिहून ते बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. सप्टेंबरात प्रबंध जमा करायची वेळ आली.

आमच्या कक्षाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ऑक्टोबरमध्ये विद्यार्थिनी एका वेगळ्याच कामासाठी आली होती. निघता निघता तिने विचारलं, “सर, प्रबंध शोधगंगेवर चढला की तो सगळ्या जगाला दिसणार ना? मग ते पेटंटचं काय?”

अडचण

तिचा प्रश्न बरोबर होता, फक्त आठ महिने उशिरा आला होता. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो आणि आमचा शोध तीन ठिकाणी उघडा पडलेला होता : पुस्तिका, शेड आणि व्हॉट्सॲप.

भारतीय पेटंट अधिनियमात यावर थोडी सवलत आहे. विद्वत्सभेपुढे वाचलेला किंवा तिच्या इतिवृत्तात छापलेला निबंध आड येत नाही, पण अर्ज १२ महिन्यांच्या आत हवा. हे कलम ३१. शोधच असा असेल की चाचणी चारचौघांत घ्यावी लागते, तर तिलाही एक वर्षाची मुभा आहे. हे कलम ३२. पुतण्याच्या व्हिडिओसाठी कलम २९ चा आधार होता, म्हणजे अर्जदाराकडून मिळालेली माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर गेली असेल आणि कळल्यावर त्याने शक्य तितक्या लवकर अर्ज केला असेल तर. भारतापुरतं हे सगळं लढवता येण्यासारखं होतं. युरोपात अशी मुभा जवळजवळ नाही, त्यामुळे ते दार पोस्टर लागलं त्याच दिवशी बंद झालं. पोस्टरला बक्षीस मिळालं होतं आणि विभागात त्याचे पेढे वाटले होते, हे जाता जाता.

दुसरी अडचण मालकीची. सरकारी पैशातून झालेला शोध कोणाचा? अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने ही वाट आखली : संस्थेने हक्क ठेवावा, परवाना द्यावा आणि शोधकाला वाटा द्यावा. आपल्याकडे तसं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं आणि पुढे मागे घेतलं गेलं. त्यामुळे अशा प्रकल्पात सगळं निधीच्या मंजुरीपत्रावर आणि संस्थेच्या नियमावर येऊन ठरतं. आमच्या मंजुरीपत्रात, सहाव्या पानावर बारीक अक्षरात, हक्क संस्थेकडे राहतील असं कलम होतं. ते कोणी वाचलेलं नव्हतं. विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण ‘मसुदा’ या नावाने तीन वर्षं पडून होतं.

प्राध्यापक नोकरीत होते. विद्यार्थिनी शिष्यवृत्तीवर होती, म्हणजे कर्मचारी नव्हती. प्रवेशाच्या वेळी तिने एका हमीपत्रावर सही केली होती : ‘संशोधनातून निर्माण होणारे हक्क विद्यापीठास देईन.’ आमच्या पेटंट एजंटबाईंनी त्या एका शब्दावर बोट ठेवलं. “‘देईन’ म्हणजे अजून दिलेले नाहीत. ‘याद्वारे देत आहे’ असं हवं.” मला तो शब्दच्छल वाटला. मग त्यांनी स्टॅनफर्ड विरुद्ध रोश हा खटला सांगितला. स्टॅनफर्डच्या संशोधकाने विद्यापीठाला ‘देण्याचं मान्य करतो’ असं लिहून दिलं होतं आणि नंतर एका कंपनीला ‘याद्वारे देतो’ असं. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात स्टॅनफर्ड हरलं. पैसा सरकारचा होता म्हणून हक्क आपोआप विद्यापीठाचा होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तो खटला आपल्याला लागू नाही, पण वर्तमानकाळ आणि भविष्यकाळ यांत किती अंतर असतं ते मला त्या दिवशी कळलं. विद्यार्थिनीला जानेवारीत पोस्ट-डॉक्टरेटसाठी परदेशी जायचं होतं. तिने जायच्या आधी नवीन कागदावर सही केली, पण “माझा वाटा किती ते आधी लिहा” असं सांगून. तिचं म्हणणं रास्तच होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. शोध छापून टाकायचा, कोणीही वापरावा. सरकारी पैसा आहे, शेतकऱ्याचा माल आहे, असं प्राध्यापकांचं पहिलं मत होतं. मला ते पटत होतं, पण एक अडचण होती. हे द्रव्य शेतकरी घरी करू शकत नाही. यीस्ट वाढवायला फर्मेंटर लागतो, द्रव्य गाळून टिकवावं लागतं. हक्काची हमी नसताना कोणती कंपनी त्यात पैसा घालेल?

दुसरा पर्याय प्राध्यापकांच्या वैयक्तिक नावाने अर्ज करण्याचा. हे ऐकून बाहेरच्यांना नवल वाटेल, पण त्या काळात ते सर्रास चालायचं. कारण साधं होतं : व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आणि विद्यापीठाला ८,०००. सप्टेंबर २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांना ८० टक्के सवलत मिळाली तेव्हा हा फरक संपला. आमच्या वित्त विभागाने सुरुवातीला हाच मार्ग सुचवला. मंजुरीपत्रातलं सहावं पान दाखवल्यावर विषय थांबला.

तिसरा पर्याय विद्यापीठाच्या नावाने अर्ज करून एका कंपनीला अनन्य परवाना देण्याचा, चौथा मागेल त्याला परवाना देण्याचा. विद्यार्थिनीनेच स्टार्टअप काढावी, अशीही सूचना एका बैठकीत आली. ती परदेशी जाणार हे माहीत असूनही.

कुलसचिवांच्या मनात मात्र आणखी एक हिशेब होता. एनआयआरएफच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत प्रकाशित आणि मंजूर पेटंटं मोजली जातात. “वर्षअखेरीच्या आत आकडा वाढला पाहिजे,” एवढंच त्यांनी सांगितलं. हे द्रव्य कोण बनवणार आणि कोण विकणार, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी काढला नाही. मीही नाही.

काय केलं

नोव्हेंबर २०१८ मध्ये तात्पुरत्या विनिर्देशासह (शोधाच्या प्राथमिक लेखी वर्णनासह) अर्ज गेला, म्हणजे पोस्टरपासून नऊ महिन्यांत. त्याआधी यीस्टचा नमुना पुण्याच्या सूक्ष्मजीव संग्रहात ठेवला. तो बुडापेस्ट करारानुसार मान्य असलेला संग्रह आहे आणि अर्जात त्याचा क्रमांक द्यावा लागतो.

शोधकांच्या यादीवरून एक छोटं नाट्य झालं. आधी चार नावं होती : प्राध्यापक, विद्यार्थिनी, रसायनशास्त्राचे सहकारी आणि विभागप्रमुख. विभागप्रमुखांनी काय केलं, असं एजंटबाईंनी विचारलं तेव्हा “त्यांनी सुविधा दिल्या” असं उत्तर आलं. सुविधा देणारा शोधक होत नाही. नाव वगळलं. पुढे कित्येक महिने त्या विभागात मला चहा विचारला गेला नाही.

पूर्ण विनिर्देश १२ महिन्यांच्या आत द्यायचा असतो. आम्ही तो शेवटच्या आठवड्यात दिला. यीस्ट भारतातलं जैविक संसाधन असल्यामुळे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगीही लागत होती, तीही पेटंट मंजूर होण्याआधी. तो अर्ज २०२० मध्ये केला आणि परवानगी हातात पडायला जवळपास दोन वर्षं गेली. २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदारांसाठी ही वाट सोपी झाली आहे : मंजुरीआधी नोंदणी आणि परवानगी व्यापारीकरणाच्या वेळी. आमच्या वेळी तसं नव्हतं.

वहीतली ओळ

पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल २०२१ च्या सुरुवातीला आला. परीक्षकांनी जवळजवळ सगळंच सोलून काढलं होतं. निसर्गात सापडणारं यीस्ट म्हणून कलम ३(सी), निव्वळ मिश्रण म्हणून ३(ई), बागायतीची पद्धत म्हणून ३(एच). शिवाय अशा द्रव्यांचे जुने संदर्भ. बागायतीच्या आक्षेपाला उत्तर सोपं होतं : हे तोडणीनंतरचं प्रक्रियाकाम आहे. मिश्रणाच्या आक्षेपाला मात्र नुसतं ‘चांगलं चालतं’ म्हणून भागत नव्हतं. घटकांचा एकत्र परिणाम त्यांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे हे आकड्यांनी दाखवावं लागणार होतं.

आकडे तपासायला बसलो तेव्हा दिसलं की प्रयोगशाळेतले निकाल सामान्य होते. शेडमधले चांगले होते, पण सगळे नाही. ११ मार्च २०१८ नंतरचेच. त्या तारखेला काय बदललं? विद्यार्थिनीची शेडवरची वही मागवली. पानावर तेलाचे डाग होते. तिच्या अक्षरात एक ओळ होती : ‘मिश्रण पुन्हा फाटलं. आण्णा म्हणाले, आधी कोमट पाण्यात घोळून ठेवा, कार्बोनेट मागनं घाला.’

प्रयोगशाळेत सगळं एकदम गार पाण्यात मिसळायचे. आण्णांनी आधी कोमट पाण्यात द्रव्य घोळून वीस मिनिटं ठेवायला लावलं आणि मग कार्बोनेट घातलं. पाणी किती कोमट? ते कोपर बुडवून बघायचे, लहान मुलाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. विद्यार्थिनीने तापमापी लावली : ३८ ते ४२ अंश. पुढच्या सगळ्या चाचण्या याच पद्धतीने झाल्या आणि तात्पुरत्या विनिर्देशातही हा क्रम आला होता. परीक्षकांना जे टिकण्यासारखं वाटलं ते नेमकं हेच होतं. यीस्ट, द्रव्य, टक्केवारी बाजूला पडली. उरला तो घोळण्याचा क्रम आणि तापमान.

म्हणजे दाव्याचा, ज्यावर आम्ही हक्क मागत होतो त्याचा, गाभा ज्याच्या डोक्यातून आला, त्याचंच नाव अर्जात नव्हतं.

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय इथे होता. एक मत असं : त्यांनी सहज सुचवलं, शास्त्र आपलं आहे, चाचण्या आपण केल्या; गप्प बसा, अर्ज अडकेल. कुलसचिवांचं मत हेच होतं. प्राध्यापक दोन दिवस काही बोलले नाहीत. मग फोन करून म्हणाले, “वही मीच तपासलीय. त्या ओळीखाली माझी सही आहे.” एजंटबाईंची चिंता कायद्याची होती. खरा शोधक वगळून मिळवलेलं पेटंट पुढे कधीही रद्द होऊ शकतं आणि पुरावा आमच्याच वहीत होता. मंजुरीआधी नाव जोडता येतं, कलम २८ खाली, आठव्या नमुन्यात अर्ज करून.

मी आणि प्राध्यापक आण्णांकडे गेलो. हक्क विद्यापीठाकडे सोपवण्याचा कागद इंग्रजीत होता, कारण पेटंट कार्यालयात इंग्रजी किंवा हिंदीच चालतं. आम्ही त्याचा मराठी मसुदा करून नेला आणि ओळ न् ओळ वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“म्हंजे मी सांगितलेलं आता तुमचं झालं?”

“विद्यापीठाचं. पण शोधक म्हणून नाव तुमचं राहणार आणि पैसे आले तर वाटाही.”

“आन् उद्या मी माझ्या शेडात असंच घोळलं तर?”

या प्रश्नाचं उत्तर आमच्या कागदात नव्हतं. आण्णा म्हणाले, “मग ते लिवा आधी. सही काय, आत्ता करतो.”

परवाना

हा प्रश्न घेऊनच आम्ही परवान्याच्या बोलणीला बसलो. पेटंट २०२२ च्या अखेरीला मंजूर झालं. जवळच्या औद्योगिक वसाहतीतली, आधीपासून डिपिंग ऑइल विकणारी एक कंपनी पुढे आली. त्यांना दहा वर्षांचा अनन्य परवाना हवा होता, बदल्यात चार लाख एकरकमी आणि विक्रीवर तीन टक्के.

अनन्य परवाना म्हटलं की मला येल विद्यापीठ आठवतं. येलच्या प्रयोगशाळेत सरकारी निधीतून स्टॅव्हुडिन हे औषध एचआयव्हीवर चालतं असं सिद्ध झालं आणि १९८८ मध्ये येलने त्याचा अनन्य परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विबला दिला. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने स्टॅव्हुडिनसह तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. त्याच सुमारास डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने येलला विचारलं : दक्षिण आफ्रिकेत स्वस्त औषध आणू देता का? येलचं पहिलं उत्तर असं की परवाना अनन्य आहे, आमच्या हातात काही नाही. विद्यार्थी उठले, औषधावर काम केलेले प्राध्यापक विल्यम प्रुसॉफ स्वतः बोलले आणि मार्चमध्ये कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंट न बजावण्याचं जाहीर केलं. एचआयव्ही कुठे आणि बेदाणा कुठे, हे मान्य. पण ‘आमच्या हातात काही नाही’ हे वाक्य विद्यापीठाला उच्चारावं लागू नये, एवढं त्यातून घेण्यासारखं होतं.

आम्ही अनन्य परवाना दिला, पण तीनच हंगामांचा. दोन हंगामांत ठरलेली विक्री झाली नाही तर अनन्यता आपोआप संपेल. आणि आण्णांचं कलम : स्वतःच्या शेडमध्ये स्वतःच्या मालासाठी ही पद्धत वापरणाऱ्या शेतकऱ्यावर कारवाई होणार नाही. कंपनीचे मालक हसून म्हणाले, “साहेब, मग विकत कोण घेणार?” द्रव्य तुमच्याकडूनच घ्यावं लागेल, असं सांगितल्यावर त्यांनी सही केली.

निष्पत्ती

द्रव्य महाग पडलं. नेहमीच्या तेलापेक्षा दीडपट. आभाळ स्वच्छ असलं तर चार दिवस वाचवायला कोणी एवढे पैसे देत नाही. पावसाचं सावट असलं की सगळ्यांना एकदम हवं असतं आणि तेव्हा माल तयार नसतो. फर्मेंटर मागणीबरहुकूम धावत नाही. २०२३ च्या हंगामात थोडी विक्री झाली, २०२४ मध्ये त्याहून कमी. शिवाय कंपनीला यीस्ट मिळालं होतं, पण ते नीट वाढवायची हातोटी विद्यार्थिनीकडे होती आणि ती सहा हजार किलोमीटरवर. व्हिडिओ कॉलवर तिने बरंच शिकवलं. त्या तासांचा मोबदला कोणत्याही करारात नव्हता. अनन्यता संपली.

हिशेब असा : एकूण ४ लाख २७ हजार आले. एजंट, शुल्क, संग्रह वगैरेंवर २ लाख ६० हजार आधीच गेले होते, तो खर्च आणि जैवविविधता प्राधिकरणाचा वाटा वळता करून जे उरलं त्याचे ६० टक्के शोधकांना. चौघांना प्रत्येकी सुमारे २३ हजार. आण्णांनी त्यातून रॅकची नायलॉन जाळी बदलली.

विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात हे प्रकरण ‘यशस्वी तंत्रज्ञान हस्तांतरण’ या मथळ्याखाली आहे. छायाचित्रात कुलसचिव आहेत, कंपनीचे मालक आहेत. आण्णा नाहीत, त्या दिवशी त्यांचा माल सौद्याला होता.

वेगळं काय करता आलं असतं

पोस्टरच्या आधी कक्षाकडे एक पानी नोंद, एवढं झालं असतं तर युरोपचं दार उघडं राहिलं असतं. तिथे कोणी परवाना घेतला असता का, ते सोडून द्या. शेडवर जाण्याआधी शेडमालकाशी लेखी समजूत हवी होती, त्याच्याकडून काही सुचलं तर काय, यासकट. आम्ही त्याला ‘चाचणीची जागा’ समजत होतो.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. पेटंट मुळात घ्यायला हवं होतं का? मंजूर दावा इतका अरुंद आहे की क्रम थोडा बदलला की बाहेर पडता येतं. खरी किंमत यीस्टच्या वाणात आणि ते वाढवण्याच्या हातोटीत होती. नमुना पुरवण्याचा करार आणि विद्यार्थिनीला एक वर्षाचं मानधन, यावर तेवढेच पैसे घातले असते तर द्रव्य कदाचित स्वस्त झालं असतं. पण मानधन एनआयआरएफमध्ये मोजलं जात नाही. आणि हेही खरं की पेटंट नसतं तर कंपनी पहिल्या बैठकीलाही आली नसती. यावर माझं मत अजून दोन्हीकडे झुकतं.

प्रबंध सहा महिने रोखून धरण्याची विनंती आम्ही केली ती बरोबर ठरली. विभागप्रमुखांचं नाव वगळलं तेही. आण्णांचं नाव उशिरा का होईना आलं, पण त्याचं श्रेय विद्यार्थिनीच्या वहीला. तिने ती ओळ लिहिली नसती तर आम्हाला कधीच कळलं नसतं.

सध्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने परवाना मागितला आहे, अनन्य नसलेला. त्यांचं म्हणणं, पाच-सहा गावांची मागणी हंगामाआधी नोंदवून घेऊ आणि तेवढंच द्रव्य करून घेऊ. दरम्यान पेटंटच्या नूतनीकरणाचं शुल्क भरायची वेळ आली होती, सातव्या वर्षाचे २,४०० रुपये. वित्त विभागाने फाईलवर शेरा मारला : ‘उत्पन्न नाही, चालू ठेवण्याचे प्रयोजन?’ मी उत्तरात उत्पादक कंपनीचं पत्र जोडलं आणि वहीच्या त्या पानाची छायाप्रत. शुल्क भरलं गेलं. पुढच्या वर्षीच्या शेऱ्यासाठी छायाप्रतीची आणखी एक प्रत काढून ठेवली आहे.